एक छेद तीस

शिरूर तालुक्यात कोणाची वास्तुशांत झाली की पाहुण्यांच्या हातात स्टील पडतं. डबा, तांब्या, ताट. बांधकामाचा खर्च फारच हाताबाहेर गेला असेल तर वाटी. त्यावर घरमालकाचं नाव, गाव, तारीख आणि 'सप्रेम भेट' हे सगळं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. आमच्या मांडणीतली भांडी वाचून आई न्हावऱ्यापासून मलठणपर्यंत कोणाचं घर कोणत्या साली झालं आणि त्या दिवशी कोण रुसून न जेवता गेलं, हे तोंडपाठ सांगते. चहाचं पातेलं एका कैलासवासी गृहस्थांच्या स्मरणार्थ आहे. चहा उतू गेला की ती आधी गॅस बंद करते आणि मग त्यांची क्षमा मागते.

त्यामुळे आमचं स्वतःचं घर उभं राहिलं आणि मे महिन्यातला मुहूर्त निघाला, तेव्हा ताट की डबा एवढंच ठरायचं होतं. ते मुलीने मोडीत काढलं. ती पुण्यात चित्रकला शिकते.

"भांडी कोणी वापरत नाही बाबा. पुढच्या वास्तुशांतीला तीच फिरवतात. आपण लिनोकट छापू. आपल्या घराचं चित्र. घरच्या घरी."

आमच्याकडे जे काही घरच्या घरी होतं त्यात शिरूरचे सगळे आणि दौंडचे निम्मे लोक असतात, हे ती पुण्यात राहून विसरली होती. शिरूर हे माझं गाव, दौंड ही सासुरवाडी. मध्ये भीमा आहे, पण तिचा आजवर काही उपयोग झालेला नाही.

पहिला आक्षेप आईचा. लिनो म्हणजे काय, हे तिला मुळापासून सांगावं लागलं. लिनोलियम हा खरा तर जमिनीवर अंथरायचा जाड पट्टा. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर धरलेली चिवट साय पाहिली आणि तिच्या नादाला लागून हा पदार्थ काढला. पेटंट १८६३ चं. हवेवर घट्ट झालेलं जवसाचं तेल, राळ, बुचाची पूड आणि लाकडाचा भुसा एकत्र मळायचं आणि तागाच्या जाड कापडावर दाबून बसवायचं. साहेबाच्या घरात हे पायाखाली गेलं. पुढे चित्रकारांच्या लक्षात आलं की लाकूड कोरताना त्याचे तंतू आडवे येतात; यात तंतूच नाहीत, कोरणी हवी तिकडे वळते. व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेकने तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शाळकरी पोरांच्या हातात दिलं.

आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि गोळाबेरीज केली. "जवसाचं तेल, भुसा आणि गोणपाट. तिन्ही वस्तू माळ्यावर आहेत. पैसे कशाचे मोजलेस?"

मुलीने तुकडा तिच्या नाकाशी धरला. आईने वास घेतला, मान हलवली. "जवसच आहे. चटणी केली असती तर वर्षभर पुरली असती."

मुलीने कच्चं चित्र काढलं होतं: घर, दारातला कडुनिंब आणि वर पुष्कळसं मोकळं आभाळ. मोकळी जागा दिसली की आमच्या घरात माणसं अस्वस्थ होतात. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गच्चीवरची पाण्याची टाकी हवी होती, कारण ती त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बसवून घेतली होती. आईला तुळशीवृंदावन. आमच्या हिला खिडकीतल्या कुंड्या. धाकटे काका म्हणाले, "मोराची चिंचोली आपल्या तालुक्यात आणि चित्रात मोर नाही? लोक काय म्हणतील?" आमच्या दारात मोर कधी आलेला नाही. मुलगी म्हणाली, "दारात आलेलंच काढायचं तर बिबट्या काढावा लागेल." यावर कोणी हसलं नाही. उसातला बिबट्या ही आमच्याकडे आता थट्टेवारी न्यायची गोष्ट उरलेली नाही. मोर आणि बिबट्या दोघेही एकदम रद्द झाले.

मग तिने मूळ नियम समजावला. लिनोत जे कोरून काढाल ते कागदावर कोरं राहतं, जे ठेवाल तेवढंच छापलं जातं. म्हणजे टाकी हवी असेल तर टाकीच्या भोवतालचं आभाळ खणून काढायचं. अण्णांनी तत्काळ आभाळ खणायला परवानगी दिली.

कमी रेषांत किती काम होतं हे दाखवायला तिने फोनवर नंदलाल बोस यांचं १९३० सालचं 'बापूजी' काढलं. दांडीयात्रेतले गांधीजी, हातात काठी. काळ्या भुईवर मोजक्या पांढऱ्या रेषा, आणि एवढ्यात तो माणूस चक्क चालतोय. शंभर फोटोंतून जे दिसत नाही ते त्या एका चालीत दिसतं, असं माझं मत आहे. अण्णांनी चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिलं.

"चालतायत खरे," ते म्हणाले. "पण त्यांच्या घराला टाकी नव्हती."

टाकी आली.

आईची नजर मात्र दुसरीकडेच होती. "वास्तुशांतीला काळं?"

मुलगी म्हणाली, अगं आजी, लिनोकट काळ्यातच खुलतो. चित्तप्रसाद बघ. बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहून, चितारून हा माणूस मुंबईला आला तो अंधेरीत राहिला आणि घरी बसून लिनो कोरत राहिला. १९५० नंतरच्या त्याच्या चित्रांत कामाला जुंपलेली लहान पोरं आहेत, आणि त्या काळ्याशिवाय ती चित्रं उभीच राहिली नसती. तिने ती चित्रंही दाखवली. आईने एकेक नीट पाहिलं. एका पोरापाशी थांबून 'अगं बाई' म्हणाली.

"त्यांना दुःख सांगायचं होतं, त्यांनी काळं घेतलं," आईने फोन परत दिला. "आपल्याला घर झाल्याचं सांगायचंय. तू तांबडं घे."

हा वाद तिथेच संपला. मुलगी रात्री मला हळूच म्हणाली की तिच्या वर्गात इतकं नेमकं बोलणारे फार नाहीत. शाई गेरूच्या रंगाची ठरली.

एकदा तांबडा आला म्हटल्यावर हिरवा का नाही, हे ओघाने आलंच. कडुनिंब तांबडा कसा दाखवणार? अनेक रंगांची एक पद्धत आहे. पिकासोने ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिसला बसून गाजवली. एकच ठोकळा घ्यायचा. थोडं कोरायचं, सगळ्या प्रती पहिल्या रंगात छापायच्या. मग त्याच ठोकळ्यातलं आणखी कोरून काढायचं आणि त्याच कागदांवर दुसरा रंग चढवायचा. ठोकळा कमी कमी होत जातो, चित्र पुरं होत जातं, आणि मागे फिरायला वाट नाही. पहिल्या रंगाच्या वेळीच किती प्रती करायच्या तो आकडा पक्का लागतो, नंतर एकही वाढत नाही.

पद्धत इथेच बाद झाली. आमच्याकडे पाहुण्यांची यादी दुसरी पंगत उठेपर्यंत पक्की होत नाही. पिकासोला यादीत कोण राहून गेलं याची चिंता नसावी.

शेवटी एक रंग आणि तीस प्रती, फक्त अगदी जवळच्या माणसांसाठी, असं ठरलं. बाकीच्यांसाठी अण्णांनी कोणाला न सांगता वाट्या सांगून टाकल्या होत्या.

चित्राच्या खाली घराचं नाव घालायचं होतं: 'घोडकाठ'. घोडनदी आमच्या घरातून दिसत नाही, पण टाकीवर चढल्यास दिसते, असं अण्णांचं म्हणणं. अक्षरं छापात सुलट यायची तर ठोकळ्यावर उलटी कोरावी लागतात. मला वाटलं, कोरायचंच आहे तर तालुक्यात या कलेतला अधिकारी माणूस एकच. बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून नाव घालणारे जे गृहस्थ आहेत, त्यांच्या मशीनची टर्रर्र ऐकल्याशिवाय शिरूरमधलं कुठलंही भांडं संसाराला लागत नाही. ते अक्षरावर पैसे घेतात; काना-मात्रा फुकट.

त्यांनी लिनो उलटापालटा करून पाहिला. "यावर उलटं लिहायचं?"

"हो."

"आहो, मी तीस वर्षं सुलट लिहितोय, ते कोणी वाचत नाही."

तरी त्यांनी कोपऱ्यात मशीन टेकवून पाहिलं. स्टीलवर उमटणारा ठिपका लिनोत नुसताच रुतला. "हे आपल्या हातातलं नाही," ते म्हणाले, आणि वर फुकटचा सल्ला दिला: आधी पातळ कागदावर सुलट लिहा, कागद पालथा करा, मागून दिसेल तसं उतरवा. मुलीने बटर पेपरवर नेमकं तेच करून ठेवलं होतं. मला मात्र त्या स्टुलावर बसलेल्या माणसाविषयी नवाच आदर वाटला, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. पेशवाईच्या अखेरीस पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यामुळे नाना फडणविसांना छपाईत रस निर्माण झाला आणि एक तांबट देवनागरी अक्षरं तांब्याच्या पत्र्यावर कोरायला बसला. नाना १८०० साली गेले, पुण्यात धामधूम माजली, तेव्हा तो तांबट मिरजेला गेला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली भगवद्गीता छापली गेली. मराठी मुलखातल्या छपाईच्या आरंभी भांडी घडवणाऱ्या जातकुळीतला एक कारागीर बसलेला आहे. त्याने अक्षरावर पैसे घेतले की श्लोकावर, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे.

कोरायला सुरुवात झाली. मुलीने मला आभाळाचं खातं दिलं, कारण तिथे बिघडण्यासारखं काही नव्हतं. नियम एकच: कोरणीच्या पुढे आपलं बोट ठेवायचं नाही. हिवाळ्यात लिनो कडक होतो, इस्त्रीने गरम करून घेतात म्हणे. शिरूरच्या मे महिन्यात तो पाच मिनिटं गच्चीत ठेवला की कोरणीला जोरच लागत नाही. बारीक सालपटं निघत जातात, जवसाचा वास सुटतो आणि माणूस जेवायची वेळ विसरतो. बाकीचे विसरत नाहीत. जो येई तो पाठीमागे उभा राहून ठोकळ्याकडे पाही, डोकं एका बाजूला कलतं करी आणि दबक्या आवाजात मला सांगे, "नाव उलटं झालंय."

शेजारचे सांगून गेले. दूधवाला सांगून गेला. धाकटे काका फोन करून म्हणाले, "मी ऐकलं ते खरं का? नाव उलटं पडलं म्हणे." पुढे त्यांनी धीर दिला, "अजून वेळ गेली नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात घेऊन जा." तेही खोटं नव्हतं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पाबळला उभा केलेला हा आश्रम आमच्याच तालुक्यात. शाळेत न रमलेल्या पोरांनी हाताने काम करून शिकावं म्हणून. २००२ साली तिथे फॅब लॅब सुरू झाली, म्हणजे संगणकावर काढायचं आणि यंत्राने कापून घ्यायचं. लेसरने हा सगळा ठोकळा चहा होईपर्यंत कोरून मिळाला असता, नाव उलटं, टाकी सुलट, सगळं बिनचूक. अण्णा तर निघायच्या तयारीत पायात चपला घालून उभे होते. "मग घरच्या घरी कसलं?" मुलगी म्हणाली, आणि अण्णांनी नाइलाजाने चपला काढल्या.

दौंडला आमंत्रणाला जायचंच होतं, तेव्हा कोरलेला ठोकळा बरोबर घेतला. न्हावरा, पारगावचा पूल, केडगाव-चौफुला असा आमचा नेहमीचा रस्ता. आमची ही चौफुल्याला कलाकेंद्रांच्या पाट्या दिसू लागल्या की माझ्याशी हमखास संसाराच्या गोष्टी काढते. या वेळी मीच आधी बोलायला सुरुवात केली, केडगावविषयी. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या बायका-मुलींना त्यांनी इथे आणलं, लिहायला-वाचायला शिकवलं, आणि हातांना कामं दिली, त्यात छापखानाही होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्या १९२२ साली गेल्या. भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापून १९२४ साली बाहेर पडलं, आणि त्या कामात इथल्या बायकांचे हात होते. शिशाचे खिळे जुळवायचे म्हणजे अक्षर न् अक्षर उलटं वाचायचं.

"म्हणजे शंभर वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातल्या बायका अख्खं बायबल उलटं वाचत होत्या," ही म्हणाली, "आणि तुमच्या शिरूरला एक 'घोडकाठ' वाचता येईना."

ती केडगावची नाही, दौंडची आहे. पण अशा वेळी तालुका धरायचा असतो.

दौंडला दादा, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर वाट पाहत होते. दादा रेल्वेत गार्ड होते. रेल्वेने २०२२ साली गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, पण दादा त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झाले, म्हणून वाचले. मी ठोकळा पुढे केला आणि 'उलटं झालंय' ऐकायची मनाची तयारी केली.

दादांनी ठोकळा पाहिला. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरोबर आहे."

मी थक्क झालो.

"जावईबापू, पुण्याहून मनमाडची गाडी दौंडात आली की काय करायची? इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला लावायचं, आणि गाडी आली त्याच तोंडाने उलटी निघायची. पुण्याहून खिडकीशी ऐटीत पुढे तोंड करून बसलेला माणूस नगरला पाठमोरा पोहोचायचा. नवखे लोक घाबरून उतरायचे, गाडी परत पुण्याला चालली म्हणून. मी त्यांना धरून धरून बसवायचो. आहो, उलटं निघाल्याशिवाय नीट पोहोचायचंच नाही, असं आमचं जंक्शन." मग जरा थांबून, "आता कॉर्ड लाइन झाली. गाड्या दौंडात न शिरताच बाहेरच्या बाहेर जातात. लोकांना आता काही कळायचं नाही."

छपाई हे माझ्या बायकोच्या नव्या ओट्याचं पहिलं संकट. घर नवं बांधलं की सिंकसाठी कापलेला ग्रॅनाइटचा चौकोन उरतो आणि त्याचं काय करायचं हे कोणालाच माहीत नसतं. आमच्याकडे त्याच्यावर शाई आली. शाई रबरी रोलरने पातळ पसरवत राहायचं. ती नेमकी झाली की रोलर उचलताना बारीक चर्रर्र आवाज येतो. आवाज ओला आला तर शाई जास्त, आलाच नाही तर कमी. अण्णांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते दर वेळी 'अजून घाल' म्हणत. रंगाऱ्याचा भिंतीचा रोलर राहिला होता तोही त्यांनी धुऊन आणला. तो नम्रपणे नाकारण्यात आला.

कागद मुलीने पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणला होता, चिंध्यांचा लगदा करून केलेला. गांधीजींच्या प्रेरणेने निघालेली ती संस्था १९४० पासून शिवाजीनगरला उभी आहे. कागद किंचित ओलसर करायचा, शाई लावलेल्या ठोकळ्यावर अलगद ठेवायचा आणि पाठीवरून घासायचं. छापयंत्र नसेल तर हे काम वाटीच्या बुडाने होतं. वाटीचा तुटवडा नव्हता. पण पहिल्याच वाटीच्या बुडावर नाव घातलेलं निघालं, त्याची बारीक धार कागदावर ओरखडे काढू लागली. मुलीने गुळगुळीत बुडाची दुसरी मागितली.

"माझ्या माहेरचीच बरी बाद झाली," ओट्यापलीकडून आवाज आला.

मेहुणा सकाळीच दौंडहून आला होता. घासणं त्याला बायकी काम वाटलं. "दाजी, खाली ठोकळा ठेवा, वर फळी टाका, मी वरनं गाडी घालतो. मिनिटात तीस." मी त्याला वेड्यात काढणार होतो. मुलीने सांगितलं की परदेशात खरोखरच मोठमोठे ठोकळे रस्त्यात मांडून वर रोडरोलर फिरवून छापतात. तेव्हापासून मेहुण्याकडे पाहायची माझी दृष्टी बदलली आणि त्याची माझ्याकडे पाहायची बिघडली.

प्रत्येकाला एक तरी छाप स्वतः काढायचा होता. आत्याने घासला तो अर्धा पुसट आला, कारण तिचा हात दुखतो. मेहुण्याने घासला तो इतका ठासून की कडुनिंबाची पानं एकमेकांत मिसळून डेरेदार वड झाला. मुलीने शांतपणे दोन गठ्ठे केले: घ्यायचे आणि टाकायचे. टाकायचे टाकू द्यायला आई तयार होईना. इतका जाड कागद, तोही चिंध्यांचा! ते सगळे छाप आज आमच्या मांडणीत फळ्यांवर अंथरलेले आहेत आणि त्यांच्यावर तालुक्याची भांडी उभी आहेत. उचलून पाहिलं तर खाली घर दिसतं.

चांगले छाप गच्चीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. शाईतही जवसाचंच तेल. ते उन्हाने आटत नाही, हवेने सावकाश घट्ट होतं, त्याला दिवस लागतात. खाली कुरडया होत्या. शेजारच्या काकू कठड्यावरून म्हणाल्या, "कुरडया छान झाल्यात. वरचे कसले?"

खरी पंचाईत पुढे आली. छाप वाळल्यावर मुलगी पेन्सिल घेऊन बसली आणि खालच्या समासात आकडे घालू लागली: १/३०, २/३०. तीस प्रतींतली ही कितवी, हे असं लिहायची रीत आहे. तिच्या दृष्टीने हा हिशेब होता. बाकीच्या घराच्या दृष्टीने हा मानपानाचा जाहीर तक्ता होता.

पहिला मान देवाचा, यावर दुमत नव्हतं. शुभकार्याची पहिली पत्रिका गणपतीला जाते, म्हणून १/३० रांजणगावच्या महागणपतीकडे. दुसरा जेजुरीच्या खंडोबाला. मग तुळजापूर आलं, ग्रामदैवत आलं, आमचं देवघर आलं. आणि देवांचं होईपर्यंत माणसांच्या हाती सहापासून पुढचेच उरले. मुलीने वयाप्रमाणे लावायचं ठरवलं. शिरूरकडचे आणि दौंडकडचे एकाच वयाचे निघाले. मग नात्याप्रमाणे. मामा आधी की चुलते आधी, यावर अण्णा आणि आई यांच्यात पन्नास वर्षांपूर्वी जो वाद अर्धवट राहिला होता तो पुन्हा हाती घेण्यात आला.

थोरल्या आत्याच्या वाट्याला अकरा आला.

"अकरावी?" आत्या म्हणाली. "मी तुझ्या बापाच्या आधी जन्मले."

"आत्याआजी, असं नसतं गं," मुलगी समजावू लागली. "छापात पहिला-शेवटचा काही नसतो. सगळे सारखे. अकरावा पहिल्याइतकाच अस्सल. आणि जो आधी छापला त्यालाच एक घालतात असंही नाही."

"सगळे सारखे?"

"अगदी सारखे."

"मग आकडा कशाला घालतीस?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी कडुनिंबाकडे पाहिलं. कलेच्या बाजारात हा प्रश्न कोणी विचारत नसावं. विचारला तर भावाचं काय होईल सांगता येत नाही. आत्याने चित्र घेतलं खरं, पण आकड्यावर हळदीकुंकवाचं बोट असं नेमकं लावलं की अकराचा फक्त छेद वाचता येतो.

वास्तुशांतीच्या दिवशी दादा आले, आणि माझ्या पोटात गोळा आला. जावयाच्या घरी सासऱ्याला कितवा आकडा द्यायचा, हे कुठल्याच शास्त्रात लिहिलेलं नाही. मी सहावा छाप बाजूला काढून ठेवला होता. दादांनी तो बघितला, बाजूला सारला आणि गठ्ठ्याच्या तळाशी हात घातला.

"मला हा."

"आहो दादा, तो तीस छेद तीस आहे. शेवटचा."

"गार्ड शेवटीच असतो," दादा म्हणाले. "पुढच्या डब्यात कोणीही बसेल. शेवटच्या डब्यावर मोठी फुली असते, एल. व्ही. ची पाटी असते. ती डोळ्यांनी बघितल्याशिवाय स्टेशनमास्तर गाडी पुरी आली असं मानतच नाही. पहिला छाप कोणाकडे आहे ते सोडा. हा माझ्याकडे आहे म्हणून तुमचे तीस पुरे झाले."

हे त्यांनी जरा मोठ्याने सांगितलं. गार्डचा आवाज. दुसऱ्या पंगतीपर्यंत ऐकू गेला. अर्ध्या तासात एकोणतीसवाला मनुष्य माझ्याकडे येऊन, दादांचं वय झालं आहे, त्यांना प्रवासात चित्र सांभाळवेल का, अशी चौकशी करू लागला. मामांनी सातवा परत आणून दिला. तिशीजवळचा कुठलाही चालेल म्हणाले. ज्यांना चित्र मिळालं होतं त्यांनी वाटी का नाही, असं विचारलं, आणि वाटीवाल्यांनी वाटीवर आकडा का नाही.

पाहुणे पांगल्यावर मुलीने शेवटचं काम केलं. ठरलेल्या प्रती झाल्या की चित्रकार ठोकळा रद्द करतो, म्हणजे पुन्हा गुपचूप छापता येऊ नये. तिने पट्टी धरली आणि कोरणीने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, टाकीवरून, कडुनिंबावरून, दोन आडव्या-तिरप्या खोल रेघा ओढल्या. अण्णांनी टाकीसाठी डोळे मिटून घेतले. दादा मात्र खुर्ची ओढून जवळ बसले होते.

"फुली," ते समाधानाने म्हणाले. "आता सिग्नल द्या."

दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन. तो कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. "दाजी, तेवढे अजून दहा काढा. आमच्या सायबांना द्यायच्यात."

"आता नाही निघणार. ठोकळ्यावर फुली मारली."

"कसली फुली?"

मी सगळं समजावलं. यापुढे त्या ठोकळ्याचा कुठलाही छाप काढला तरी त्यावर ती फुली उमटणार, आणि त्यावरून हा ठरलेल्या तिसांतला नाही हे कोणालाही ओळखू येणार. त्याने सगळं ऐकून घेतलं. मागे कंपनीचा भोंगा वाजला.

"मग फुलीसकट काढा की," तो म्हणाला. "सायबांना काय कळतंय! आन् खाली आकडा घाला, एकतीस छेद तीस."